टॅरो कार्डं वापरून कथेतली माणसं खरंच घडवता येतात का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या कथेतल्या दोन मैत्रिणी लिहिता लिहिता एकच बाई होऊन जातात, दोघी सारख्याच बोलतात, सारख्याच चिडतात, आणि कोणीतरी तुम्हाला टॅरो, म्हणजे लोक भविष्य बघायला मांडतात ते चित्रांचे पत्ते, वापरून बघ म्हणालंय तर ते खरंच उपयोगाचं आहे की नुसतं फॅड.

माझ्यापुरतं सांगायचं तर उपयोगाचं आहे, पण लोक सांगतात तसं नाही. मी ठाण्यात राहते, नोकरी कोपरखैरण्याला, आणि वर्षाकाठी दोन-तीन कथा लिहिते त्यातली एखादी दिवाळी अंकात लागते, म्हणजे काही फार मोठी लेखिका वगैरे नाही हे आधीच सांगून टाकते. आणि भविष्यावर माझा अजिबात विश्वास नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा पत्ते मांडलेले बघितले आणि पोरीच्या लग्नाचं बघून द्या म्हणून आठवडाभर पाठ सोडली नाही, तेव्हापासून डेक, म्हणजे पत्त्यांचा अख्खा जोड, कपाटात साड्यांच्या मागे असतो.

तसंही ही कार्डं मुळात भविष्याची नव्हतीच. पंधराव्या शतकात इटलीच्या उत्तरेकडे हा साधा पत्त्यांचा खेळ होता, आपण मेंढीकोट खेळतो तसा. भविष्य सांगायला वापरायची टूम अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये निघाली. त्यामुळे तुम्ही ती कथेसाठी वापरलीत तर काही विटाळ होत नाही.

डेक कुठला घ्यायचा, तर रायडर-वेट. लंडनमध्ये १९०९ साली निघालेला. आर्थर वेट नावाच्या गृहस्थांनी तो बनवून घेतला, चित्रं सगळी पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली, आणि कितीतरी वर्षं डेकच्या नावात मात्र प्रकाशक रायडर आणि वेटसाहेब (चित्रं काढणारी बाई गायब, आहे की नाही आपल्याकडच्यासारखंच). एकूण ७८ कार्डं. २२ मेजर अर्काना म्हणजे मृत्यू, मनोरा, संन्यासी, चंद्र, सूर्य अशी मोठी मोठी, आणि ५६ मायनर, त्यात चार सूट: वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स. आपल्या किलवर, बदाम, इस्पिक, चौकटचेच चुलतभाऊ समजा, फक्त राजा-राणी-गुलाम अशा तिघांऐवजी इथे पेज, नाइट, क्वीन, किंग असे चौघं.

आता हाच डेक का, तर याच्या साध्या आकड्यांच्या पत्त्यांवरसुद्धा माणसं आहेत, काहीतरी करणारी. आधीच्या बहुतेक डेकमध्ये पाच कप्स म्हणजे नुसते पाच पेले काढलेले असायचे. पामेलाबाईंच्या पाच कप्समध्ये काळा झगा घातलेला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघत उभा आहे आणि दोन पेले त्याच्या पाठीमागे नीट उभे आहेत, ते त्याला दिसतच नाहीयेत. आहे ना ही अर्धी कथा? माझं आजोळ सावंतवाडीकडचं, तिथे गंजिफा बनतात, गोल पत्ते, दशावतारी गंजिफात १२० असतात, दहा अवतारांचे दहा संच आणि प्रत्येकात बारा. मला वाटलं चला आपलं घरचं काहीतरी वापरू, टॅरोबिरो कशाला. पण जमलं नाही, कारण राजा आणि वजीर सोडले तर बाकी पत्त्यांवर नुसती चिन्हं, तीन शंख नाहीतर सात परशू, दिसायला इतके सुंदर की बघत बसावं पण त्यात कोणी कोणाशी वाकडं वागत नाही. कथेला वाकडं वागणारं कोणीतरी लागतंच.

पहिलं वर्षभर मी हे सगळं चुकीचं केलं तेही सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. मी प्रत्येक पात्रासाठी केल्टिक क्रॉस नावाची दहा कार्डांची मांडणी मांडायचे, भूतकाळ भविष्यकाळ आशा भीती सगळं. चार पात्रं, चाळीस कार्डं, दोनशे पानी वही भरली आणि कथेची एक ओळ लिहून झाली नाही. दुसरी चूक म्हणजे डेकबरोबर येणारी ती अर्थाची पुस्तिका. त्यात लिहिलेलं असतं संतुलन, नवी सुरुवात, अंतर्मनाचा आवाज. आता अंतर्मनाचा आवाज असलेला माणूस तुम्ही ठाणे स्टेशनच्या पुलावर कधी बघितलाय का? पुस्तिका बाजूला टाका, गूगलही नको, नुसतं चित्र बघा आणि कोण काय करतंय ते साध्या मराठीत एका वाक्यात लिहा. ‘एक माणूस चवड्यांवर चालत तलवारी पळवतोय’ एवढंच.

आता मुद्द्याचं. माझं म्हणणं असं की टॅरोचा खरा उपयोग एका पात्राचा स्वभाव ठरवायला नाहीच, तो दोन पात्रांच्या मध्ये एक कार्ड ठेवायला आहे. एकच चित्र, आणि त्या दोघांना वेगवेगळं विचारायचं की बाबा रे, यात तू कोण? दोघांची उत्तरं जुळली तर तिथे कथा नाही. नाही जुळली तर आहे.

माझ्याच एका कथेचं सांगते. दोन भाऊ. नौपाड्यातली जुनी तीन मजली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय, वडील नुकतेच गेलेत. थोरला वसंत, वडिलांपाशी राहिलेला, त्यांचं आजारपण काढलेला. धाकटा नंदू खारघरला, महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवणारा पण येणारा नाही. माझ्या डोक्यात सगळं पक्कं होतं, वसंत सोसणारा आणि नंदू स्वार्थी, म्हणजे तुम्ही शंभर वेळा वाचलेली कथा. वसंतसाठी एक कार्ड काढलं तर आलं सेव्हन ऑफ स्वोर्ड्स, तोच चवड्यांवर चालणारा चोर. पाच तलवारी हातात, दोन तिथेच जमिनीत रोवलेल्या, आणि मागे वळून बघतोय.

मी सरळ कार्ड परत ठेवलं आणि दुसरं काढलं. (हो, केलं.) दुसरं फार छान गोड आलं आणि त्या कार्डावर मी दोन पानं इतकी रटाळ लिहिली की फाडून टाकली. तेव्हापासून घरात नियम आहे, काढलेलं कार्ड बदलायचं नाही, आवडलं नाही तर जास्तच बदलायचं नाही.

मग तीन-चार दिवस ऑफिसला जाता-येता डोक्यात एकच, की वसंतसारखा सज्जन माणूस चोरेल काय? पैसे नाही चोरणार. दागिने नाही. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर पनवेल गाडीची वाट बघताना शेजारी एक बाई फोनवर कोणालातरी सांगत होत्या, ‘अगं तो बिझी असतो, मीच नाही केला फोन’, आणि मला एकदम सापडलं. वडील हॉस्पिटलमध्ये रोज म्हणायचे नंदूला बोलाव, आणि वसंत रोज सांगायचा बोलावलंय, तो कामात आहे, येतो म्हणालाय. त्याने एकदाही फोन केलेला नव्हता. त्याने भावाची शेवटची भेट चोरली. का? तर इतकी वर्षं केलं आपण आणि शेवटी डोळे लागले त्याच्या वाटेकडे, हे त्याला सोसेना. आणि त्या मागे राहिलेल्या दोन तलवारी? ते नंदूच्या फोनवरचे वडिलांचे दोन मिस्ड कॉल, मीटिंगमध्ये आहे म्हणून त्याने न उचललेले आणि नंतर विसरून गेलेले. म्हणजे तोही सुटला नाही.

हे मला कार्डाने सांगितलं का? नाही हो. कार्डाने फक्त ‘चोर’ म्हटलं आणि मला माझ्या लाडक्या पात्राची बाजू घेऊ दिली नाही.

मग दोघांच्या मध्ये कार्ड काढलं, सिक्स ऑफ पेंटॅकल्स. एक श्रीमंत माणूस उभा, एका हातात तराजू, दुसऱ्या हाताने नाणी देतोय, पायाशी दोन भिकारी गुडघ्यावर. हे मी डायनिंग टेबलवर ठेवून बसलेले, तेवढ्यात सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या, त्यांना माझं हे पत्ते प्रकरण फारसं पसंत नाही, तिन्हीसांजेला तर नाहीच. चष्मा वर करून कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, ‘हा काय तराजू घेऊन दान करतोय? मोजून दिलं तर ते दान कसलं गं, ती उधारी झाली.’ आणि गेल्या देवाला दिवा लावायला.

मी आठवडाभर घालवला असता तरी मला हे सुचलं नसतं. वसंतला विचारलं तू कोण, तो म्हणाला देणारा, अर्थातच, मी आयुष्य दिलं. नंदूला विचारलं तू कोण, तोही म्हणाला देणारा, दर महिन्याच्या पाच तारखेला ट्रान्सफर होतेय बघा स्टेटमेंट. दोघांच्याही हातात तराजू आणि दोघांच्याही मते समोरचा गुडघ्यावर. भांडणाचा प्रसंग मग मला लिहावाच लागला नाही, तो आपोआप झाला, एकाने हॉस्पिटलच्या बिलांची प्लास्टिक फाइल टेबलावर आपटली, दुसऱ्याने मोबाइल पुढे केला, आणि दोघांची बोलायची भाषा पण आपसूक वेगळी झाली. वसंत बोलतो ते ‘रात्री तीन वाजता’ असं बोलतो, नंदू बोलतो ते आकड्यांत. तुमच्या दोन मैत्रिणी सारख्या बोलतात ना, त्याचं कारण मला वाटतं हेच असणार की दोघींना एकमेकींकडून नक्की काय येणं आहे ते तुम्ही ठरवलेलं नाही.

आणि अजून एक गंमत त्याच कार्डात. भिकारी दोन आहेत. नाणी एकाच्याच हातात पडतायत, दुसरा नुसताच हात पुढे करून बसलाय. मग हा दुसरा कोण? माझ्या कथेत तर दोघंच भाऊ होते. दोन दिवसांनी भांडी लावताना लक्षात आलं, बहीण! बिल्डरकडे कागद द्यायचे तर बहिणीचं हक्कसोडपत्र लागणार, आणि हे दोघं भाऊ एकमेकांशी इतके भांडतायत की तिला डोंबिवलीला फोन करून नुसतं सांगतात, अमुक तारखेला रजिस्ट्रेशनला ये, आधार आण. तिला काय हवंय हे कोणी विचारतच नाही. आधी कथेत तिचं नावही नव्हतं, आता शेवट तिचा आहे. शेवट सांगत नाही.

बाकी कोर्ट कार्डं, म्हणजे पेज ते किंग ही सोळा, दुय्यम पात्रांसाठी झकास. नाइट ऑफ पेंटॅकल्स बघा, चार नाइट्समध्ये याचाच घोडा ठार उभा आहे, चारी पाय जमिनीवर. मी त्याला सोसायटीचा सेक्रेटरी केला. सगळी कागदपत्रं फाइलला लावलेली, टॅग लावलेले, झेरॉक्स तीन-तीन, आणि काम मात्र इंचभर पुढे नाही. मेजर अर्काना मात्र पात्रांसाठी कार्ड काढताना मी सहसा बाजूला ठेवते, कारण मृत्यू किंवा मनोरा आला की आपल्याला लगेच मोठं काहीतरी घडवायची खाज सुटते, अपघात काय, कॅन्सर काय. ती कार्डं प्रसंगाला ठीक, माणसाला जड होतात.

आणि हो, कार्ड कथेत दिसता कामा नये. माझ्या एका मैत्रिणीने मनोऱ्याचं कार्ड आलं म्हणून खरंच सोसायटीच्या टाकीवर वीज पाडली होती, वाचताना आम्ही तलावपाळीच्या कट्ट्यावर इतके हसलो की बाजूचे भेळ खायची थांबले.

डेक विकत घ्यायचा नसेल तर १९०९ ची चित्रं नेटवर सहज मिळतात, त्यांना १ ते ७८ आकडे द्या, त्याच आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाका, काम तेच. उलटं कार्ड आलं तर काय असं पुढे विचाराल म्हणून सांगते, मी सरळ करून ठेवते, उलट्या चित्रात मला चेहरे दिसत नाहीत.

तर तुम्ही असं करा, दोघी मैत्रिणींच्या मध्ये एकच कार्ड काढा आणि प्रत्येकीच्या तोंडून अर्धं अर्धं पान लिहा, यात मी कोण आणि ती कोण. समजा सिक्स ऑफ स्वोर्ड्स आलं, नाव चाललीय, नावाडी लांब काठीने ती ढकलतोय, पुढ्यात पांघरूण घेऊन एक बाई आणि तिच्याजवळ लहान मूल, कोणाचाच चेहरा नीट दिसत नाही. दोघीही म्हणाल्या की मी नावाडी, हिला इतकी वर्षं मीच ओढत आणलंय, तर लगेच लिहायला बसा. आणि दोघीही म्हणाल्या की मी ते मूल, तर आधी चहा टाका, वेळ लागणार आहे.