कोंडा आणि डोक्याची खाज: कीटोकोनॅझोल, सेलेनियम, झिंक की कोल टार?

तुम्ही विचारलंय की डोक्यात कोंडा आहे, भुवयांत आणि नाकाच्या कडेला लाल खपल्या येतात, तर कुठला औषधी शाम्पू घ्यावा. मी सहा वर्षं हेच सोसलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

भुवयांतही खपल्या असतील तर हा नुसता कोंडा नाही, बहुधा सेबोरिक डर्मटायटिस आहे, म्हणजे तेलकट जागची त्वचा लाल होऊन खपल्या येण्याचा आजार. मॅलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि त्वचेच्या तेलावर जगते. काहींच्या त्वचेला ती सोसत नाही. आमच्या बेळगावच्या शहापुरात मात्र कोंडा दिसला की आधी खोबरेल तेल येतं. आई रात्री कोमट तेल जिरवायची आणि सकाळी फणीच्या दातांत मेणासारखा पिवळा थर बसलेला असायचा. रात्रभर तेल ठेवणं बंद केलं, तिथून फरक पडू लागला.

आता शाम्पू. बाटलीवरचं मोठं नाव सोडा, मागे घटक वाचा. तुमच्या लक्षणांना मी आधी २ टक्के कीटोकोनॅझोल, म्हणजे बुरशीवरचं औषध असलेला शाम्पू घेईन: आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. मी पहिल्यांदा आणला तेव्हा फेस केला की लगेच धुऊन टाकायचे आणि म्हणायचे, काही उपयोग नाही. फेस ३ ते ५ मिनिटं डोक्यावर राहायला हवा. मी न्हाणीघराच्या खिडकीत घड्याळ ठेवलं. बंबातलं कढत पाणीही डोक्यावर घेऊ नका, कोमट घ्या. तोच फेस भुवयांना हलकेच लावा, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

१ टक्का झिंक पायरिथिऑन सौम्य आहे, साध्या कोंड्याला पुरतं. २.५ टक्के सेलेनियम सल्फाइडही गुणकारी, पण वास उग्र, केस तेलकट वाटतात, आणि लावण्याआधी अंगठी, बांगड्या काढाव्या लागतात. खपल्या जाड असतील तर सॅलिसिलिक ॲसिड त्या सैल करतं. कोल टारनं, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरानं, पांढऱ्या केसांवर रंग चढू शकतो, उन्हाचाही त्रास होतो, म्हणून तो माझ्या यादीत शेवटी.

एक कळकळीनं सांगते. मला एका औषध दुकानात भुवयांसाठी न विचारता स्टेरॉइडचं मलम दिलं होतं. चार दिवसांत साफ झालं, बंद करताच दुप्पट उसळलं. चेहऱ्यावर असलं मलम डॉक्टरांशिवाय लावू नका, कातडी पातळ होते.

हा आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. बरं वाटलं तरी आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा तोच शाम्पू लावा. बेळगावची थंडी पडली की माझं पुन्हा डोकं वर काढतं, तेव्हा मी परत दोनदा सुरू करते.

चार आठवड्यांत फरक नसेल किंवा चंदेरी जाड चट्टे असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घरात लहान मुलाच्या डोक्यावर केस गळून गोल चकत्या पडल्या असतील तर शाम्पूवर थांबू नका. ते बहुधा गजकर्ण असतं, त्याला पोटातूनच औषध लागतं.