स्टिकर टाइल्स लावल्या म्हणून डिपॉझिट बुडतं का?

प्रश्न : आम्ही लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. फरशी फार डागाळलेली होती, म्हणून स्वयंपाकघरात आणि हॉलमध्ये स्वतःच्या खर्चाने मागून कागद सोलून चिकटवायच्या व्हिनाइल टाइल्स लावल्या. आधी घरमालकांना फरशीचा फोटो पाठवून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं. 'चालेल, जाताना होतं तसं करून द्या,' असं त्यांचं उत्तर आलं. आता मुदत संपत आली आहे. ते घर बघायला आले तेव्हा ओट्याजवळची एक टाइल सुटली होती आणि खाली काळपट गोंद दिसत होता. करारात 'लेखी परवानगीशिवाय कायमस्वरूपी बदल करणार नाही' असं कलम आहे. ते मोडलंत, अख्खी फरशी नवी करावी लागेल, डिपॉझिट विसरा, असं ते म्हणतात. पैसे हातात पडेपर्यंत किल्ल्या द्यायच्या नाहीत, असं माझे यजमान म्हणतात. काय करावं?

उत्तर : किल्ल्या अडवून ठेवू नका. हे आधी सांगते, कारण इथे चुकलात तर बाकी सगळी बाजू तुमची असूनही अडचणीत तुम्हीच याल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर ताबा दिला नाही, तर ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे तुम्ही देता त्या भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. डिपॉझिट अडकलं आहे, हे त्यावरचं उत्तर होत नाही. शेवटच्या महिन्यांचं भाडं परस्पर डिपॉझिटमधून वळतं करण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. मालकांची लेखी संमती नसेल, तर तेही करू नका.

आता टाइल्सचं. जमिनीवर नुसतं चिकटवलेलं आणि सोलून काढता येणारं आच्छादन हा 'कायमस्वरूपी बदल' नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जुनी फरशी फोडलेली नाही, खाली सिमेंट ओतलेलं नाही. शिवाय परवानगी तुम्ही मागितली होती आणि ती मिळालीही होती. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश हा लेखीच असतो. तो पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, संदेश कुठल्या फोनवरून कसा घेतला हे सांगणारं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून ते संभाषण पुसू नका आणि तो फोन इतक्यात बदलू नका. तुम्ही पाठवलेला फोटो तर फार मोलाचा आहे. फरशी आधीच कशी होती, हे त्यातून मालकांच्याच फोनवर तारखेसह नोंदलं गेलं आहे.

पण त्याच संदेशाची दुसरी बाजूही आहे. 'होतं तसं करून द्या' ही अट तुम्ही मान्य केलीत, तेव्हा गोंद काढणं ही तुमचीच जबाबदारी आहे. तो तसाच ठेवून गेलात, तर सफाईचा वाजवी खर्च डिपॉझिटमधून कापायला मालक मोकळे आहेत, आणि त्यात गैर काहीच नाही.

म्हणून हे काम ताबा तुमच्याकडे असतानाच उरका. किल्ल्या दिल्यावर घरात शिरायचा हक्क राहत नाही. हेअर ड्रायरने टाइल कोमट केली की गोंद सैल पडतो. मग कडेखाली प्लास्टिकची पट्टी सरकवून हळूहळू सोला. उरलेल्या गोंदासाठी टर्पेंटाइन किंवा गोंद काढायचं द्रावण आधी एखाद्या कोपऱ्यात लावून पाहा, खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस पेटवू नका. खाली संगमरवर किंवा मोझॅक असेल तर अ‍ॅसिड अजिबात नको. त्याने पडलेला डाग मात्र खरंच तुमच्या नावावर लागेल. काढण्याआधी, काढताना आणि स्वच्छ झाल्यावर, तिन्ही वेळा फोटो घ्या.

'अख्खी फरशी नवी' ही मागणी टिकण्यासारखी नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ मध्ये वाजवी भरपाईचीच तरतूद आहे. 'करार मोडल्यास डिपॉझिट जप्त' असं वाक्य तुमच्या करारात असलं, तरी त्याने एवढंच ठरतं की भरपाई त्याहून जास्त मागता येणार नाही. नुकसान झालेलंच नसेल तर ठेव जप्त करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या निकालात स्पष्ट केलं आहे. नुकसान किती झालं ते मालकांनी दाखवायचं असतं, आणि तेही दोन खोल्यांतल्या, आधीपासून डागाळलेल्या फरशीचं. वापराने आलेली नेहमीची झीज त्यात धरता येत नाही.

मालकांना आजच लिहून कळवा की टाइल्स काढून देत आहोत, अमुक दिवशी समक्ष पाहणीला या. पाहणीनंतर फरशीची स्थिती एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. ते आले नाहीत किंवा सही नाकारली, तर व्हिडिओ काढा, मुदतीच्या दिवशी किल्ल्या द्या आणि पोच घ्या. त्यानंतरही पैसे आले नाहीत, तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. कपात केली असेल तर तिचा तपशील आणि बिलं मागा, आणि रक्कम द्यायला पंधरा दिवसांची मुदत द्या. तेवढ्यानेही भागलं नाही, तर वसुलीचा दावा रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल करता येतो.