जांभ्याच्या घराची भिंत खालून ओली होते. वॉटरप्रूफ रंग लावल्याने ओल थांबेल का?

तुम्ही विचारले आहे की, राजापूरजवळच्या तुमच्या जुन्या जांभ्याच्या घरात माजघराची भिंत जमिनीपासून साधारण दोन फुटांपर्यंत ओली दिसते, पुट्टीचे पोपडे गळून पडतात आणि रंगारी वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्यायला सांगतो, तर तसे करावे का. रत्नागिरी जिल्ह्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, पाणी कोठून येते हे कळेपर्यंत रंगाचा डबा विकत घेऊ नये.

ओलीचे कूळ तिच्या डागावरून बरेचसे ओळखता येते. छपरातून किंवा वळचणीतून येणारे पाणी वरून ओघळ सोडत उतरते. पश्चिमेच्या भिंतीवर वाऱ्यासह पाऊस आपटत असेल, तर डाग चट्ट्यांसारखे कोठेही उमटतात आणि पाऊस उघडला की काही आठवड्यांत फिके होतात. पूर्वी पावसाळ्याआधी त्या बाजूला झावळ्यांचे झाप लावीत, ते याच कारणाने. नहाणीच्या किंवा नळाच्या गळतीला मात्र ऋतू नसतो, ती एप्रिलातही भिंत ओली ठेवते. अशी शंका असेल, तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा फिरतो का ते पाहावे, आणि नहाणीची मोरी बोळा घालून बंद करून आत दोनतीन इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवावे. तुमच्यासारखा, जमिनीलगत आडवा पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, असेल, तर पाणी बहुधा जोत्यातून वर चढत आहे. ही चढ सहसा तीन फुटांच्या आतच राहते.

जुलैमध्ये फरशीला जो घाम सुटतो, तो प्रकार वेगळा. बाहेरच्या दमट हवेतली वाफ थंड फरशीवर आणि भिंतीवर धरते, इतकेच त्यात असते. भिंतीवर हातभर ॲल्युमिनियमचा कागद चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर दोष हवेचा, आणि कागदाच्या मागे आले तर पाणी भिंतीतले. थंड देशांत घरातली ओल घालवायला खिडक्या उघडा म्हणतात. आपल्याकडे ऐन पावसात खिडक्या सताड उघडून आणखी दमट हवाच आत येते.

आता माझ्याच घरातली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अंगणातल्या चिखलाला कंटाळून मी पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, तेव्हा खाली भर घालताना अंगण सात-आठ इंचांनी वर आले आणि जोत्याचा काळा दगड जवळजवळ बुजला, पण त्या वेळी कोणाच्याही, म्हणजे माझ्याही, ते ध्यानात आले नाही. पुढच्याच पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी ब्लॉकवरून उडून थेट जांभ्याला भिडू लागले. काळा दगड पाणी फारसे शोषत नाही, जांभा मात्र स्पंजासारखा पितो. मी आतून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट दिल्यामुळे भिंतीला कोरडे होण्याची वाटच उरली नाही, आणि दोन फुटांवरची ओल पावणेतीन फुटांवर गेली. रंगाच्या फुगवट्याला नख लावले की आतून मऊ पांढरी पूड हातावर सांडे. जिभेला लावून पाहिली तर खारट. जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून गेले की गिलाव्यात त्यांचे स्फटिक वाढतात आणि तेच रंगाला आतून ढकलतात. वॉटरप्रूफ रंगाचीही हीच गत होते.

म्हणून प्रथम बाहेर पाहावे. अंगणाची पातळी घरातल्या फरशीपेक्षा किमान सहा ते आठ इंच खाली आणावी, उतार घरापासून दूर द्यावा, पागोळ्यांना पन्हळ लावून पाणी परसापलीकडे सोडावे, आणि भिंतीला टेकलेल्या मातीच्या कुंड्या व लाकडांची रास हलवावी. माझ्या घरातली निम्मी ओल एवढ्यानेच उतरली.

आतला सिमेंटचा गिलावा डागाच्या वर फूटभर जाईल इतका ऑक्टोबरातच काढून टाकावा, सांधे खरवडावेत, आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडून बाहेर न्यावेत. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा भिंतीत जातात. भिंत सुकण्याचा ढोबळ हिशेब दर इंच जाडीला एक महिना असा धरतात, त्यामुळे दीड फूट जाड भिंत एका उन्हाळ्यात पूर्ण सुकेल अशी अपेक्षा ठेवू नये. ओलीच्या कडेवर पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहिली, तर ओल उतरते की नाही ते नुसत्या डोळ्यांनी कळते. रेघ मार्चपर्यंत खाली सरकली, तर चुन्याचा गिलावा करून वर चुन्याचाच हात द्यावा. पुट्टी आणि प्लास्टर ऑफ पॅरिस त्या पट्ट्यात नकोच.

रेघ हललीच नाही, तर जोत्याच्या वरच्या थरात भोके पाडून ओलरोधक क्रीम भरण्याचा उपाय राहतो. जांभ्यात पोकळ्या फार असल्याने ही भोके चिऱ्यात न पाडता सांध्यातल्या चुन्यात पाडून घ्यावीत, आणि नव्या गिलाव्याला हात घालण्याआधीच हे काम उरकावे. चुन्याचा नवा गिलावा आठवडाभर पाण्याचा हबका मारून ओलसर ठेवावा लागतो, तेव्हा त्या दिवसांत भिंत पुन्हा काळसर दिसली तरी गवंड्याला परत बोलावू नका.