ईक्यूएचं पॅनल पहिल्यांदाच आलंय? मग हे वाच

अरे घाबरू नकोस, ईक्यूए म्हणजे बाहेरची संस्था आपल्या लॅबची परीक्षा घ्यायला सॅम्पलचा संच (पॅनल) पाठवते, एवढंच. पण पॅनलचे जावयासारखे लाडही करू नकोस, म्हणजे सगळ्यात सिनियर माणसाने तीन-तीनदा टेस्ट लावायची आणि वर शेजारच्या लॅबला फोन करून टायटर (सॅम्पल किती पातळ करेपर्यंत टेस्ट पॉझिटिव्ह येते तो आकडा) जुळवायचा, असले धंदे करण्यात काही अर्थ नाही. रोजचे सॅम्पल जो लावतो त्यानेच लावायचं, रोजच्या बॅचमध्येच.

सिफिलिसची आरपीआर (रक्तातली अँटिबॉडी बघणारी टेस्ट) असेल तर आधी रोटेटर, म्हणजे टेस्टचं कार्ड फिरवणारं मशीन, चेक कर, 100 आरपीएम आणि 8 मिनिटं, टायमर लावून, अंदाजपंचे नाही. अँटिजेन (सॅम्पलमध्ये टाकायचं टेस्टचं द्रावण) फ्रीजमधून काढून थंडगार वापरू नको, 23 ते 29 डिग्रीला येऊ दे (मे महिन्यात विदर्भात एसी बंद पडला की बोंबला), आणि सुईतून 1 मिलीला 60 च्या आसपास थेंब पडतायत का ते मोज, कंटाळवाणं आहे पण मोज. अँटिबॉडी खूप जास्त असली तरी उलट निगेटिव्ह दिसू शकतं, यालाच प्रोझोन म्हणतात, शंका आली की डायल्यूट करून बघच.

टायटर एका डायल्यूशनने इकडेतिकडे झाला तर चालतं, 1:8 चा 1:16. पण 1:32 आला तर कारण शोध. आणि ट्यूब नंबर दुसऱ्या कोणाकडून तरी ताडून घे, टेस्ट बरोबर येते आणि फॉर्मवर उलटं लिहिलं जातं.