भेरूघाटात गाडीचा दम जातो, किल्ली बंद-चालू केली की परत येतो. टर्बो बदलावा का?

तुम्ही लिहिलंय: २०१५ ची डिझेल हॅचबॅक, लाखाच्या वर चाललेली. ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाटाच्या चढावर अचानक दम सोडते, पॅडल तळाला टेकवलं तरी चाळिशीच्या वर सरकत नाही. कडेला घेऊन किल्ली बंद-चालू केली की जणू काही झालंच नव्हतं. सपाटीवर असं होत नाही. गॅरेजवाले म्हणतात टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, बदला.

मी म्हणेन, अजून नाही. टर्बो गेलेला असूही शकतो, पण तो त्यांनी कशावरून ठरवला हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. गॅरेजमध्ये गाडी थंड असते, रिकामी असते, सपाट जागी उभी असते. तिथे ती दम सोडणारच नाही. महू नाक्यापर्यंत फेरी मारून आणली की एकदम टकाटक, आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं.

माझी सगळी नोकरी पीथमपूरला मेंटेनन्समध्ये झाली. मशीन असो की गाडी, बिघाड मधूनमधून येणारा असेल तर तो येतो कसा यापेक्षा जातो कसा हे मी आधी विचारतो. येण्याची वेळ माणसाला नीट आठवत नाही, कारण तेव्हा तो घाबरलेला असतो आणि मागे ट्रक हॉर्न मारत असतो. पण गाडी ठीक कशाने झाली ते प्रत्येकाला आठवतं.

वीस मिनिटं बोनेट उघडा ठेवून गार केल्यावर ठीक होत असेल तर संशय तापणाऱ्या भागांवर: टाकीतला पंप, इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर, पेट्रोल गाडी असेल तर इग्निशन कॉइल. माझ्या मेहुण्याच्या पेट्रोल गाडीत एक कॉइल उन्हाळ्यातच मिस मारायची, संध्याकाळी शहाण्यासारखी वागायची. पाय जरा उचलला, चढ संपला की आपोआप ठीक होत असेल तर कुठेतरी पुरवठा कमी पडतोय किंवा वाट तुंबलीय: डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कधीकधी टाकीत हवा जायची बारीक वाट. ही शेवटची गोष्ट तपासायला पैसा लागत नाही. दम गेल्यावर टाकीचं झाकण उघडा. आत जोरात हवा ओढली गेली आणि गाडी सुधारली तर चोर सापडला. आणि हो, आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, असं असेल तर इंजिनाचा काही दोष नाही, क्लच घसरतोय. हे घाटातच कळतं, शहरात नाही.

तुमची गाडी यातल्या कशातच बसत नाही. ती किल्लीने ठीक होते, तेही लगेच, गार व्हायला वेळ न देता. किल्ली बंद केल्याने फाटलेला पाइप जोडला जात नाही की तुंबलेला फिल्टर मोकळा होत नाही. मग किल्लीने बदलतं काय? इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, म्हणजे ईसीयूचा, निर्णय. त्याला एखादा आकडा अपेक्षेबाहेर दिसला की तो इंजिन वाचवण्यासाठी डिझेल आणि टर्बोचा दाब दोन्ही आखडता घेतो. यालाच लिंप मोड म्हणतात. बऱ्याच गाड्यांत किल्ली फिरवली की तो नव्याने मोजायला बसतो, आकडा पुन्हा बिघडेपर्यंत सगळं ठीक. म्हणजे तुमच्या गाडीचा दम जात नाही, काढून घेतला जातो. आणि ज्याने काढून घेतला त्याने कारण बहुतेक वेळा कोडच्या रूपात लिहून ठेवलेलं असतं.

म्हणून पहिली विनंती: कोड पुसू देऊ नका. स्कॅनर लावल्या लावल्या ‘इरेज’ दाबायची काही गॅरेजवाल्यांना खोड असते, लाइट गेला म्हणजे काम झालं. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते: बिघाड पकडला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, पाणी किती तापलेलं. तिचा फोटो काढून घ्या. डॅशबोर्डवर लाइट लागलेला नसला तरी पेंडिंग, म्हणजे अजून पक्के न झालेले, कोड पाहायला सांगा. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी पडला, पी ०२३४ म्हणजे जास्त झाला, पी ००८७ म्हणजे रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड पाइपमधला) डिझेलचा दाब पडला. पी २१३८ आला तर अ‍ॅक्सिलरेटर पॅडलमधले दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत. मग टर्बोचा विषयच संपला, पॅडल आणि त्याचा कनेक्टर बघायचा.

पी ०२९९ आला की गॅरेजमध्ये ‘टर्बो’ हा शब्द उच्चारला जातो. कोड म्हणतो दाब कमी आहे, टर्बो खराब आहे असं म्हणत नाही. आधी रबरी नळ्या पाहा. व्हीजीटी टर्बो (आतली पाती फिरवून दाब कमी-जास्त करणारा) असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याची पाती व्हॅक्यूमवर फिरतात, आणि तो व्हॅक्यूम बारीक नळीतून एका सोलेनॉइडमार्गे, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हमधून, येतो. दहा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहून ती नळी कडक होते, टोकाशी चिरते. सपाटीवर चालून जातं, घाटात पूर्ण दाब मागितला की कमी पडतं. बदलायला खर्च किरकोळ. दुसरी जागा इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचे, जाड पाइप: क्लॅम्पजवळ तेलकट ओल दिसली, जोर लावल्यावर ‘फुस्स’ आवाज आणि मागे काळा धूर निघाला, तर तिथून हवा सुटतेय. तिसरं, हाताचा व्हॅक्यूम पंप लावून अ‍ॅक्चुएटरची, म्हणजे पाती फिरवणाऱ्या डबीची, दांडी हलवून पाहायची. ती न अडकता हलली पाहिजे आणि पंपाचा व्हॅक्यूम टिकून राहिला पाहिजे. अडकत अडकत हलत असेल तर पात्यांवर काजळी बसलीय. शहरात कायम कमी आरपीएमवर फिरणाऱ्या गाड्यांत हे होतं, आणि पाती बंद बाजूला अडकली तर उलट पी ०२३४ येतो.

डिझेलची बाजू लहान पण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. फिल्टर कधी बदलला होता? तळाच्या स्क्रूतून थोडं डिझेल बाटलीत काढा, पाणी खाली बसतं. २०२५ च्या जूनमध्ये रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेलमध्ये पाणी आल्यामुळे बंद पडल्या होत्या, तेव्हा ‘मी नेहमीच्याच पंपावर भरतो’ हे उत्तर मी धरत नाही. फिल्टर चांगला असून पी ००८७ येतच राहिला तर इंजेक्टरची (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलची) रिटर्न टेस्ट: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन चालवायचं, एक बाटली भराभर भरली तर तो इंजेक्टर गळतोय.

आता पुरावा. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (ईसीयूतले आकडे वाचणारा छोटा डबा) ऑनलाइन हजाराच्या आसपास मिळतो. स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा, फोनवर अ‍ॅप घ्यायचं. इंजिन सुरू न करता फक्त किल्ली ऑन करून मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, वाचा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथली हवा ९४-९५ किलोपास्कल दाखवायला हवी. १०५ किंवा ८० दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि पुढचं सगळं व्यर्थ. मग तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण पॅडलवर, दोन-अडीच हजार आरपीएमला तोच आकडा बहुतेक टर्बो डिझेलमध्ये २०० च्या आसपास जातो. शंभर-एकशेदहावर अडकला तर टर्बोची हवा पोचत नाहीये. त्याच वेळी रेल प्रेशर पाहा: आयडलला २५०-३५० बार, जोर लावल्यावर हजाराच्या बरंच वर. काही अ‍ॅप ते किलोपास्कलमध्ये दाखवतात, १,४०,००० वाचून दचकू नका, ते १,४०० बारच आहेत. जोर मागितल्यावर हे प्रेशर चढायच्या ऐवजी कोसळलं तर डिझेलची बाजू, ते ठाम राहून मॅप पडला तर हवेची बाजू.

हे एकट्याने करू नका. फोन शेजारच्याच्या हातात, रेकॉर्डिंग चालू. सपाटीवर हा बिघाड येत नाही असं तुम्हीच म्हणता, म्हणजे चढच लागेल, पण रविवार किंवा अमावस्येला ओंकारेश्वरच्या गर्दीत नको. मधल्या वारी सकाळी जा. दम गेला की आधी हॅझर्ड लावा, डावीकडे सरका, आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय किल्लीला हात लावू नका. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड होतात.

एवढं सगळं करून बोट टर्बोकडेच गेलं तर हवेचा पाइप काढून शाफ्ट हाताने हलवून दाखवायला सांगा. आडवा किंचित हलला तर चालतं, पुढे-मागे जाणवण्याइतका सरकायला नको. शाफ्ट घट्ट असेल आणि फक्त पाती अडकत असतील तर तो साफ करणारे कारागीर असतात, अख्खा नवा टर्बो घ्यावा लागत नाही. नवा बसवायचाच ठरला तर त्याला तेल पुरवणारा पाइपही बदलून घ्या, ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी नवे, आणि जुना टर्बो तुमच्याच डिकीत ठेवायला सांगा.