भूक लागायची वाट बघू नका

आईंचं पूर्ण जठर काढून महिना झाला, वजन पाच किलो उतरलंय, भूक लागत नाही आणि सकाळी खीर खाल्ली की घाम फुटून छातीत धडधडतं, असं तुम्ही लिहिलंय. नातेवाईक म्हणतात, अशक्तपणा आहे, भरपूर खाऊ घाला. त्यांचं ऐकू नका.

माझ्या बाबांचं जठर चार वर्षांपूर्वी असंच काढलं. तुमच्या खिरीच्या जागी आमच्याकडे सत्यनारायणाचा शिरा होता. आधी प्रसादापुरता चमचाभर, मग गोड लागला म्हणून अर्धी वाटी. वीसेक मिनिटांत कपाळ ओलं, पोटात कळ, बाबा आडवे. आई तर साखरपाणी घेऊन धावली, म्हणजे आगीत तेलच. याला डंपिंग म्हणतात. जठर अन्न साठवून थोडं थोडं पुढे सोडतं. ते नसलं की गोड पदार्थ थेट आतड्यात जाऊन पडतो आणि रक्तातलं पाणी तिकडे ओढलं जातं. अशा वेळी बाबांना नुसतं आडवं केलं की अर्ध्या तासात बरं वाटायचं.

दुसरा प्रकार खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी येतो. हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा मात्र रक्तातली साखर खरोखर उतरलेली असते. म्हणून घरात ग्लुकोमीटर हवाच. आकडा कमी दिसला तर साखर द्या, सावरल्यावर अंडं किंवा पनीर. असं वारंवार झालं तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता भुकेचं. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठरातच तयार होतं. त्यामुळे आई 'भूक लागली की मागेन' म्हणाल्या तर त्या मागणारच नाहीत. आम्ही मोबाईलला दर दोन तासांनी गजर लावला होता आणि बाबा त्याला 'शाळेची घंटा' म्हणायचे. दिवसातून सहा ते आठ वेळा, प्रत्येक वेळी आमटीच्या छोट्या वाटीत मावेल एवढंच, बस. जेवणाचं ताट समोर ठेवूच नका, बघूनच नको वाटतं. आधी प्रथिनं: मऊ उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा, मुगाचं घट्ट वरण. मग दोन-तीन घास मऊ भात. घास अगदी पीठ होईपर्यंत चावायचा. पाणी, ताक, चहा जेवणाबरोबर नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर. दुधाने बाबांचं पोट फुगायचं, दही चालायचं. हे ज्याचं त्याने बघावं.

एका गोष्टीत अजिबात ढिलाई नको, ती म्हणजे बी-१२ चं इंजेक्शन. हे जीवनसत्त्व शोषायला लागणारा घटक जठरातच बनतो, त्यामुळे पूर्ण जठर काढलेल्याला बी-१२ जन्मभर घ्यावंच लागतं. यकृतात साठा असल्याने सुरुवातीला काही जाणवत नाही आणि माणूस गाफील राहतो. पायाला मुंग्या येईपर्यंत थांबू नका. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्याही ठरल्या वेळी करून घ्या. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको.

रात्री झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवा, नाहीतर पित्त घशाशी येतं. शौच तेलकट, तरंगणारं आणि फार उग्र वासाचं होत असेल तर लाजू नका, सर्जनना सांगा, त्यावर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. घास अडकतोय, पाणीही उतरत नाही, ताप आहे किंवा उलट्या थांबत नाहीत, तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

वजन आठवड्यातून एकदाच बघा. आम्ही रोज काट्यावर उभं करायचो आणि बाबांचं तोंड उतरायचं. त्यांचं गेलेलं वजन सगळं काही परत आलं नाही. पण आता दुपारी एकला अर्धी भाकरी-पिठलं खातात आणि उरलेली अर्धी चार वाजता, स्वतः मागून.