हेडला तडा: वेल्डिंग की नवीन हेड?

प्रश्न : ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतं. बाहेर गळती दिसत नाही, पण इंजिन चालू असताना पाण्यात बुडबुडे येतात. हेडला (इंजिनच्या सिलिंडरवरच्या झाकणाला) तडा गेला असावा, असं मेकॅनिक म्हणतो. वेल्डिंग करून चालेल का?

उत्तर : जळालेलं हेड गॅस्केटही (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) असेच बुडबुडे काढतं, म्हणून आधी तपासणी. ऑईल दुधाळ झालंय का ते पाहा. झालं असेल तर इंजिन अजिबात चालवू नका, बेअरिंग खराब होतील. हेड उतरवून प्रेशर टेस्ट (दाबाने हवा भरून गळती शोधणं) करून घ्या.

तडा दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यांच्या) मधल्या अरुंद भागात असेल आणि पाण्याच्या वाटेपर्यंत पोचला असेल, तर हेड बदला. तिथे सर्वांत जास्त ताप बसतो, दुरुस्ती टिकण्याची खात्री नसते. तडा बाहेरच्या वॉटर जॅकेटवर (पाणी फिरतं त्या पोकळीच्या भिंतीवर) असेल तर मेटल स्टिचिंग, म्हणजे तड्यात एकमेकींत गुंतणाऱ्या पिना बसवून केलेली दुरुस्ती, चांगलं, कारण त्यात हेड तापवावं लागत नाही. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) हेडवर साध्या रॉडने वेल्डिंग मात्र करू देऊ नका. सांध्याशेजारचं बीड कडक आणि ठिसूळ होतं, आणि थंड होतानाच बाजूला नवी चीर पडते. वेल्डिंगच करायचं तर निकेल रॉड हवा, तड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे 3 मिमीचं भोक हवं, आणि काम झाल्यावर हेड राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश थंड करायला हवं.

बसवताना बहुतेकांची एक चूक होते. ब्लॉकमधल्या बंद बोल्टभोकांत पाणी किंवा ऑईल राहतं, बोल्ट आवळला की ते दाबलं जातं आणि चांगला ब्लॉक फुटू शकतो. भोकं हवेने कोरडी करा. गॅस्केट नवंच. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळा. शेवटी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा.

तडा गेला कशामुळे, तेही शोधा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा, सैल फॅन बेल्ट, अडकलेला थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप), किंवा तापलेल्या इंजिनात ओतलेलं गार पाणी, यांपैकी काहीतरी बहुधा असतं. ते तसंच राहिलं तर नवीन हेडही फुटू शकेल.